थोरलीच्या बोटाचं काजळ

"हे केस कोण उपटतं?" डोळे तपासायच्या मशीनमधून डोकं न काढताच मी विचारलं. आवाज जरा चढलाच होता.

समोर चंद्रभागाबाई बसल्या होत्या. वय सत्तरीच्या पुढे. उजव्या डोळ्यात फूल पडून तो कधीच गेलेला. डाव्या डोळ्याच्या वरच्या पापणीचे केस आत वळले होते, आणि त्यांतले निम्मे मुळापासून न निघता मध्येच तुटले होते. असे खुंट ब्रशसारखे टोचतात. पापणी मिटली की बुबुळावर ओरखडा. आता हा एकुलता एक डोळाही धोक्यात होता.

"म्या उपटते," मागून आवाज आला. थोरल्या बहिणीचा, सरूबाईंचा. "दर आठ दिसांनी. तीस वरसं झाली."

दोघी मांजरी गावच्या. एकाच घरात दिलेल्या, त्यामुळे सख्ख्या बहिणी आणि सख्ख्या जावाही. त्यांना माझ्या कोथरूडच्या दवाखान्यात घेऊन आला होता चंद्रभागाबाईंचा मुलगा नितीन. आयटीत आहे. "मॅडम, बेसिकली हे झालं कशामुळे?" त्याने विचारलं.

मग मी माझं ठरलेलं लेक्चर दिलं. याला खुपऱ्या म्हणतात. क्लॅमिडिया नावाचा जंतू लहानपणी डोळ्यात शिरतो. एकाच पदराने सगळ्या पोरांचे डोळे पुसायचे, एकाच बोटाने सगळ्यांना काजळ घालायचं, की तो घरभर फिरतो. पुन्हा पुन्हा होतो. पापणीच्या आतून वण धरतात, आवळत जातात आणि उतारवयात पापणीची कड आत ओढली जाते. ती कड बाहेर वळवायचं ऑपरेशन आहे, भूल फक्त पापणीपुरती. बुधवारी या. आणि कृपा करून तोवर कोणी चिमटा लावू नका, या चिमट्यानेच वाट लावली आहे.

लेक्चर अगदी चोख झालं. बुधवारी कोणी आलं नाही.

फोन केला तर नितीन म्हणाला, "मॅडम, घरी मोठा सीन झालाय. मावशी जेवत नाहीये. आजी शेतात जायची तेव्हा आईला काजळ मावशीच घालायची. आधी स्वतःला, मग त्याच बोटाने आईला. हिचे डोळे मीच घालवले, म्हणते. आणि आई म्हणते, आक्का येणार नसेल तर मला ऑपरेशनच नको."

फोन ठेवला आणि मला मनापासून लाज वाटली. इतकी वर्षं मी लोकांच्या डोळ्यात बघते आहे, पण मागे बसलेल्या बाईच्या चेहऱ्याकडे बघायचं मला सुचलं नव्हतं. तिकडे खुंट घासतच होते. ओरखड्यात पू झाला असता तर संपलंच होतं सगळं. मी पुन्हा फोन लावला. "मावशींना सांग, डॉक्टरीणबाईंना तुमचेच डोळे तपासायचे आहेत."

दुसऱ्या दिवशी दोघी आल्या. सरूबाई माझ्याकडे बघायला तयार नव्हत्या. मी त्यांची पापणी उलटली. वाटलं होतं तेच निघालं. आत पुसट पांढऱ्या रेघा होत्या.

"आक्का, खुपऱ्या तुम्हालाही झाल्या होत्या."

"मंग माजे डोळे कसे ऱ्हायले?"

खरा प्रश्न हाच, आणि त्याचं पूर्ण उत्तर आजही कोणाकडे नाही. वण एकटा जंतू करत नाही. जंतूशी लढायला शरीर जी फौज पाठवतं, तिच्या मारामारीत आपलीच कातडी भाजून निघते. काहींची फौज काम उरकून परतते, काहींची तिथेच धुमसत बसते. लागण किती वेळा झाली यावर बरंच अवलंबून असतं, आणि थोडं आईबापांकडून आलेल्या जीन्सवरही. सख्ख्या बहिणींनाही सगळे जीन्स सारखे मिळत नाहीत. हे सरूबाईंना कसं सांगायचं?

"कान टोचल्यावर एखादीच्या पाळीला गाठ येते ना?" मी विचारलं.

"येती की. आमच्या नणंदेला आलीया."

"मग सोनाराची सुई वाईट होती का?"

"न्हाई. सुई तीच व्हती समद्यांना. तिचं अंगच तसं."

"हेही तसंच असावं. वण धरायचं यांच्या अंगातच जास्त होतं."

त्यांनी अंगठ्याने बोट चोळलं. मग म्हणाल्या, "पर रोग माज्याच बोटानं गेला असंल."

मला खोटं बोलवेना. "गेला असेल. किंवा तिच्या डोळ्यातून तुमच्या डोळ्यात आला असेल. तेव्हा तुम्ही दोघीही पोरीच होता, आक्का."

पुढे तपासलं तर त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू चांगलाच पिकलेला. "चिमट्याचं टोक दिसतं का तुम्हाला?" मी विचारलं.

उत्तर धाकटीने दिलं. "न्हाई दिसत तिला. दोन वरसं झाली."

"मग तुम्ही बोलला का नाहीत? टोचत नव्हतं?"

"टोचायचं की. पर बोलले असते तर तिनं चिमटा ठिवून दिला असता. हनुवटी धरून माज्या तोंडाकडं बगनारं दुसरं कोन ऱ्हायलंय आता?"

"येडी हाईस का गं तू," म्हणत सरूबाई रडायलाच लागल्या.

"आक्का," मी म्हटलं, "इतकी वर्षं तुम्ही केस नीट काढलेत, म्हणून हा डोळा ऑपरेशनला शिल्लक आहे." हे मी पहिल्याच दिवशी म्हणायला हवं होतं.

ऑपरेशन नीट झालं. डोळा वाचला. दोन महिन्यांनी सरूबाईंचा मोतीबिंदूही काढला. मी मात्र तेव्हापासून, खोलीत कोण कोण बसलं आहे ते विचारल्याशिवाय लेक्चर सुरू करत नाही. कॉलेजात हे कोणी शिकवलं नव्हतं, किंवा त्या दिवशी मी दांडी मारली असेल.

सरूबाईंची पट्टी मीच काढली. त्यांनी डोळा दोनदा मिटला, उघडला, आणि शेजारी बसलेल्या बहिणीचा चेहरा हातात धरून निरखला.

"किती म्हातारी झालीस गं तू."

"तू बगत नव्हतीस," चंद्रभागाबाई म्हणाल्या, "म्हनून झाले."