नदीची वाट

आमचे वेल्डिंगवाले मिस्त्री बीडला बिंदुसरेच्या कोरड्या पात्रातच राहतात. एकेका मुलाचं लग्न झालं तशी मागे एकेक खोली वाढली. मात्र चारही खोल्यांची दारं त्यांनी समोरासमोर, एका रेषेत ठेवली. मधे कुणी खाट टाकली की ते शांतपणे म्हणतात, "उचला. नदीची वाट हाय ती."

परवा नदी पुन्हा वाहती करायची म्हणून अतिक्रमणं मोजायला साहेब आले. दारातूनच दरडावले, "नदीत घर बांधताना लाज नाही वाटली?"

मिस्त्रींनी हात जोडले. "साहेब, जरा कडंला सरका. नदीत उभे राह्यलात तुमी."

साहेब चटकन बाजूला झाले.

मीही तिथं चहा पिताना पाय आखडूनच बसतो.