हंगाम संपल्यावरची गोळी

बॉयलरचाचांना नळी दिसली की त्यांचा हात गप्प बसत नसे. पाण्याची असो, गॅसची असो, नाहीतर माझ्या मेडिकलच्या मागच्या मोरीतली असो. बोटाने दोनदा ठोकायचे, मान तिरकी करून ऐकायचे आणि निकाल द्यायचे. "आतून आर्धी भरली ही, ताई. दिवाळीपर्यंत चोक होते बघा." दिवाळीपर्यंत ती खरंच चोक व्हायची. मग तेच येऊन ती कापायचे आणि आतला क्षाराचा पांढरा थर मला नखाने खरवडून दाखवायचे. नळी माझी असल्यामुळे मला त्यात कौतुक वाटावं असं काही नसे, पण त्यांचा चेहरा पाहून मी कौतुक करायची.

अंबडजवळच्या साखर कारखान्यात ते बॉयलरवर फिटर होते. हजेरीच्या मस्टरवर त्यांचं खरं नाव असेल, वसाहतीत मात्र ते सगळ्यांचे बॉयलरचाचा. घरात उर्दू, बाहेर आमच्यापेक्षा अस्सल मराठी, आणि चिडले की दोन्हींची मिसळ. कारखान्याचं वर्ष जसं दोन भागांत, तसंच त्यांचंही. हंगामात बॉयलर पेटलेला असेपर्यंत ते सख्ख्या मेहुण्याच्या लग्नालाही शहागडला गेले नाहीत. हंगाम संपला की बॉयलर थंड करायचा, उघडायचा, आत शिरून नळ्यांमधला थर काढायचा. याला ते ओव्हरॉलिंग म्हणत. पावसाळाभर ते बॉयलरच्या पोटात असायचे आणि संध्याकाळी बाहेर यायचे तेव्हा भुवयासुद्धा राखाडी झालेल्या असायच्या.

मी वसाहतीच्या फाटकासमोर औषधांचं दुकान चालवते. एका मे महिन्यात, हंगाम नुकताच उरकलेला, तेव्हा तपासणी शिबिरात चाचांचं रक्त घेतलं आणि कोलेस्टेरॉल भलतंच वाढलेलं निघालं. त्यांचे वडील आणि थोरले भाऊ दोघेही पन्नाशीच्या आसपास हृदयविकाराने, चालते-फिरते असताना गेलेले. चाचा तेव्हा अठ्ठेचाळीसचे. अंबडच्या डॉक्टरांनी रोज एक गोळी लिहून दिली. ती चिठ्ठी माझ्या काउंटरवर ठेवून ते म्हणाले, "ताई, मला दुखत न्हाई, दम लागत न्हाई, भूक बराबर हाय. मंग गोळी कशाची खाऊ?"

इथे मी हुशारी केली. चरबी, यकृत, रक्तवाहिन्या असलं सांगत बसण्यापेक्षा माणसाला त्याच्या धंद्यातलं सांगावं, असं मला फार वाटायचं. मी म्हटलं, "चाचा, तुमच्या बॉयलरच्या नळ्यांत थर धरतो ना? तसाच तुमच्या रक्ताच्या नळ्यांत धरतोय. नळी भरेपर्यंत बाहेरून काही कळत नाही. ही गोळी त्यासाठी."

 चाचांनी हळूच स्वतःच्या मनगटावर दोनदा बोट ठोकलं. "आता समजलं," म्हणाले. "डाक्टरनं इतकं सांगितलं, पण अशी बात कुणी न्हाई केली." त्यांना इतकं समजलं की पुढच्या आठवड्यात त्यांनी आपल्या पाळीतल्या सहा जणांना रक्त तपासायला पाठवलं. मी घरी जेवताना ही गोष्ट चारदा सांगितली असेल.

ऑक्टोबरमध्ये त्यांचा रिपोर्ट नॉर्मल आला. पेढे घेऊन आले होते. त्यानंतर मात्र गोळीसाठी ते दुकानात फिरकले नाहीत. मला वाटलं, अंबडहून घेत असतील. दुकानाच्या गडबडीत मी विचारलंही नाही. हंगाम संपल्यावर ते उगवले आणि काउंटरवर हात टेकून म्हणाले, "चला ताई, आपलं ओव्हरॉलिंग सुरू करू."

मी विचारलं, "म्हणजे इतके दिवस बंद होती?"

"चालू बॉयलरला कुणी हात लावतं का?" त्यांनी उलट मलाच विचारलं. "बॉयलर पेटवायच्या दिवशी पूजा झाली, नारळ फुटला, त्या दिवशी शेवटची गोळी खाल्ली. आता थंड झाला, आता पुन्हा साफ करायचा. हंगामात तर आंग इतकं तापतं की चरबी आपोआप वितळून जाते."

 मी घाईघाईने सगळं उलगडून सांगायला लागले. ही गोळी थर खरवडत नाही, यकृतात जे तयार होतं तेच कमी करते, बंद केली की काही आठवड्यांत पुन्हा पहिल्यासारखं होतं, ही रोजचीच, बाराही महिने. चाचांनी शांतपणे ऐकून घेतलं. "आधी तुम्ही नळीचं सांगितलं, आता बनवणाऱ्या मशीनचं सांगून राह्यल्या. एक काय ते पक्कं करा, ताई." आणि हसले. त्यांना पहिलंच पटलेलं होतं, आणि ते मीच इतकं छान पटवलं होतं की आता माझंही माझ्यापुढे काही चालेना.

मी त्यांना पुन्हा डॉक्टरांकडे धाडलं. तिथे ते 'हो साहेब, बराबर साहेब' म्हणून आले. ऑक्टोबरात रक्त तपासलं की नॉर्मल, कारण तेव्हा पाच महिने गोळी पोटात गेलेली असायची. तो कागद ते माझ्यापुढे धरायचे. "हे बघा, लिहून आलंय." जानेवारीत एकदा तपासा म्हणून मी हातापाया पडायचीच बाकी होते. "जानेवारीत मला मरायला फुरसत न्हाई," म्हणायचे. असे तीन हंगाम गेले. चौथ्या वर्षी डिसेंबरात मी स्वतः त्यांच्या क्वार्टरवर जाऊन गोळ्यांच्या दोन पट्ट्या हातात दिल्या. त्यांनी त्या अदबीने घेतल्या, बायकोला, म्हणजे चाचींना, सांगून चहा पाजला, मी निघताना दुकानातल्या नळाची गळती काढून द्यायला शुक्रवारी येतो म्हणाले आणि आलेही. गोळ्या डब्यात गेल्या. माझं मन त्यांनी राखलं, एवढंच. मला राग यायचा, आणि रागवायचं कुणावर हेच कळायचं नाही.

फेब्रुवारीत, दुपारच्या पाळीत, पाण्याच्या पंपाशेजारी ते खाली बसले. छाती जड झाली म्हणाले. सोबतच्या दोघांनी जीपमध्ये घातलं. अंबडच्या दवाखान्यातून लगेच जालन्याला न्यायला सांगितलं, पण जालना आलं नाही. मला दुकानात कळलं तेव्हा मी एका बाईला खोकल्याचं औषध देत होते. कसं घ्यायचं ते तिला पूर्ण सांगितलं, सुटे दिले, आणि मग आत जाऊन बसले. समोर धुराडं नेहमीसारखं चालू होतं. काय करावं ते सुचेना, आणि करण्यासारखं काही नव्हतंही.

चाळीस दिवस झाल्यावर चाची दुकानात आल्या. कापडी पिशवीतून त्यांनी गोळ्यांच्या पट्ट्या काढून काउंटरवर ठेवल्या. मी डिसेंबरात दिलेल्या दोन, आणि आधीची एक अर्धी. "कुनाच्या कामी येतील तर ठेवा," म्हणाल्या. विकलेलं औषध परत घेता येत नाही, पण मी पट्ट्या उचलून खणात ठेवल्या.

चाची जायला वळल्या आणि थांबल्या. "एक विचारू, ताई? ह्या गोळ्या बराबर नव्हत्या का?"

"बरोबर होत्या, चाची."

"मंग असं कसं झालं? त्यांना कुठं याद राह्यचं. हंगाम संपला की मीच हातावर काढून देत होते, बॉयलर पेटायच्या दिवसापर्यंत. चार वर्सं झाली, एक दिवस चुकू दिला न्हाई मी. माझ्याकडून काही ऱ्हाऊन गेलं का?"

त्यांना वाटत होतं, ते औषधच तेवढ्या महिन्यांचं आहे. चाचांनी माझी नळीची गोष्ट घरी जशीच्या तशी सांगितली होती. डिसेंबरात मी त्या घरात बसून चहा प्याले, तेव्हा 'बाराही महिने द्या' एवढं एक वाक्य मी चाचींना सांगायला हवं होतं. मी चाचांशीच हुज्जत घालत बसले.

"नाही चाची," मी म्हटलं, "तुमच्याकडून काहीच राहिलं नाही."

त्यांनी डोळे पुसले, माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "तुम्ही लई समजावून सांगत होत्या त्यांना. ते घरी येऊन सांगायचे." मला तेव्हाच खरं बोलून टाकता आलं असतं, की चूक माझ्या त्या नळीच्या गोष्टीची होती. पण ते ऐकूनही त्यांनी तो हात काढला नसता, आणि ते मला सोसलं नसतं.