पेती राफ्रेची तीनचाकी

ऐंशी सालानंतरची गोष्ट. मॉरिशसला मी मराठीचे वर्ग घ्यायला गेले आणि पहिल्याच संध्याकाळी लोकांनी मला मोटारीबद्दल सल्ला विचारला. साताऱ्याच्या शाळेत जन्मभर व्याकरण शिकवलेल्या बाईला गाडीतलं काय कळणार? पण भारतातून आलेल्या माणसाला सगळं येतं, अशी तिथल्या मराठी मंडळींची गोड समजूत आहे, आणि ती मोडायचं माझ्या जिवावर आलं.

विमानतळापासून बसनं उत्तरेकडे निघाले तर दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. मध्येच शेतातून वेचून काढलेल्या काळ्या दगडांचे ढीग आणि बांध. त्रियोलेला बस थांबली तेव्हा मला न्यायला आलेल्या लक्ष्मणनं ढोलपुरी (डाळ भरलेली मऊ पोळी) आणून दिली. तिच्यातल्या मिरचीनं माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं. मी साताऱ्याची असूनही! लक्ष्मण हसला नाही, एवढा तो सज्जन. त्याच्याच घरी, पेती राफ्रेला, माझा मुक्काम होता.

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती लोतो (मोटार) उभी होती. पुढे एक चाक, मागे दोन, मागे ऊस भरायचा लांबट हौदा. इंजिन मोडीतल्या एका व्हॅनचं, पत्रा जुन्या बसचा, रंग लालभडक. मी ‘छान आहे हो’ म्हणाले आणि कुठे हात लावू नये म्हणून पदर सावरून उभी राहिले.

ती कशासाठी केली, हे त्याची बायको सुनीता हिनं सांगितलं. छोट्या शेतकऱ्यांच्या वाटा अरुंद असतात आणि शेवटी दगडांच्या ढिगाला जाऊन संपतात. लॉरी आत शिरत नाही. मग लाकूप (उसाची तोडणी) आली की बायका उसाच्या मोळ्या डोक्यावरून सडकेपर्यंत आणतात. लग्न झाल्यापासून तीही आणत आली होती. बोलता बोलता ती आपली मान चोळत होती, आणि ते तिला कळतही नव्हतं.

लक्ष्मण रोझ हिलला बसच्या बॉड्या ठोकायचा. गाडीसाठी त्यानं ते काम सोडलं होतं. नवरा-बायकोत ठरलं होतं, गणपती विसर्जनाला गाडी सगळ्या गावाला दाखवायची. शेतकऱ्यांनी घेतली तर ठीक, नाहीतर सोमवारी पुन्हा हातोडा. त्यांचे पुढारी रामजीकाका. ते म्हणतील ती पूर्व दिशा.

विसर्जनाच्या दिवशी गाडीला झेंडूच्या माळा घातल्या, चाकाखाली लिंबू ठेवलं. पोरांनी गणपती हौद्यात उंच पाटावर बसवला, तोंड पुढे करून, म्हणजे रस्त्यावरच्या लोकांना दर्शन होईल. लक्ष्मणच्या आईला ते मुळीच रुचलं नाही. त्यांच्या घरात निघताना देवाचं तोंड घराकडे ठेवतात. पण ढोलकी सुरू झाली होती आणि म्हातारीचं कोण ऐकतो! ती फुरंगटून मागून चालू लागली. पाहुणी म्हणून मला हौद्यात मूर्तीशेजारी बसवलं. नाही म्हणायची माझी हिंमत नव्हती.

गाव दोन्ही बाजूंना उभं होतं. गाडी सुरेख चालली. लक्ष्मणचे कान आनंदानं लाल झालेले मला मागून दिसत होते. समुद्राच्या अलीकडे एक चढण लागते. तिथे अर्ध्यावर गाडी धापा टाकू लागली आणि थांबली.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मुकाट उतरले. तरी गाडी हलेना, तेव्हा निदान माझं वजन निर्दोष ठरलं. ढोलकी बंद पडली. सुनीता गर्दीत कडेला उभी होती. तिच्याकडे बघवेना. तिचा चेहरा बघून मला देवाचाच राग आला, खोटं कशाला सांगू?

लक्ष्मणनं गाडी हळूच खाली आणली आणि होती त्या जागेत, कुणाला बाजूला न सारता, गर्रकन फिरवली. मला वाटलं, निघाला घरी. पण तो मान मागे वळवून बसला आणि गाडी उलटी, पाठीकडून, चढणीला लागली. त्या इंजिनाचा सगळा जोर मागे जायच्या गिअरमध्ये होता. देव, नारळ, फळांच्या पाट्या, सगळं घेऊन ती कुरकुरत चढत गेली. गणपतीचं तोंड आता थेट गावाकडे.

“बगा,” लक्ष्मणची आई म्हणाली, “मी सांगत हुते तवा कोन आयकलं नाय. देवान आयकलं.”

मग असा काही जयजयकार झाला की बाजूच्या उसातली पाखरं उडाली. रामजीकाका मात्र चाकांकडे बघत होते. समुद्राकाठी मूर्ती बुडेपर्यंत ते गाडीभोवती फिरत होते. मी मनात म्हटलं, झालं, उलटी चालणारी गाडी कोण घेणार?

“लक्ष्मण,” ते शेवटी म्हणाले, “आमच्या वाटंत फिरायला जागा नाय. भरलेली शारेत (बैलगाडी) मागं येत नाय, बैल सोडायला लागतात. ही भरलेली मागं येल?”

“येल, काका. आता आली तशी.”

“कोरेक (ठीक). सोमवारी माझ्या शेतात घेऊन ये. मग बगू.”

एवढंच. ना हो, ना नाही. सोमवारी तर माझं परतीचं विमान होतं.

विमानतळावर निरोपाला शेजारपाजारची मंडळी आली. लक्ष्मणची आई माझ्यासाठी वाळवलेल्या मिरच्या घेऊन आली. लक्ष्मण आला नाही. ज्याच्या घरी इतके दिवस जेवले, तो निरोपालाही येऊ नये? मला अशा गोष्टी फार लागतात. मी तोंड फुगवून रांगेत उभी राहिले.

तेवढ्यात सुनीता धावत आली. लाकूपच्या ऐन दिवसांत, कामाच्या वेळी, धुतलेलं पातळ नेसून, केसांत फूल माळून.

“मावशी, तो नाय आला, रागवू नका. पहाटेपासून गाडीनं ऊस बाहेर काढतोय. पाच शेतवाले वाट बघत उभे हायत.”

“आणि तू कशी आलीस गं काम टाकून?”

तिनं डोक्यावरून हात फिरवला. म्हणाली, “मला आज काय उचलायचंच नाय, मावशी.”