अ‍ॅम्प्लिफायरमधली गुणगुण

राहुरीला एसटीत माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ येऊन बसले. मांडीवर भलं मोठं खोकं. खड्डा आला की ते त्यावर हात ठेवायचे, झोपलेल्या लेकराच्या अंगावर ठेवतात तसा. खोक्यावरचं चित्र बघून मी चाटच पडलो. पॉवर कंडिशनर! विजेतली खरखर, गुणगुण गाळून अ‍ॅम्प्लिफायरला स्वच्छ वीज देणारं हे महागडं यंत्र माझ्याही घरी आहे, आणि त्यावरून बायकोची बोलणीही खाऊन झालीत.

"नवीन घेतलाय का बाबा?" मी विचारलं.

"घेतल्ता. परत द्यायला चाललोय नगरला."

"का? गुणगुण गेली नाही?"

"गेली की. पार गेली. आता नुसतं गानंच ऐकू येतं."

त्यांनी उपरण्यानं खोकं पुसलं. धूळ नव्हतीच त्यावर. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आमा दोघा भावांचा लाइटचा डीपी, म्हंजी ट्रान्सफॉर्मर, एकच हाय. वाटन्या झाल्यापास्नं भाऊ बोलत न्हाई माझ्याशी. पन त्यानं हिरीवरची मोटर चालू केली, की माझ्या गान्यात गुनगुन यायची. कळायचं, आला मळ्यात. बरा हाय."

"मग दुकानदाराला काय सांगणार?"

"सांगतो, लईच शांत हाय. आमाला न्हाई चालत."

माझ्या घरी गाणं अजून तसंच स्वच्छ लागतं. हल्ली ते ऐकताना वाटतं, यात कुणीतरी यायचं राहिलंय.