गोटी, टेप आणि दादा

नवं घर पाहायला जायचं तर तयारीनं जावं, हे मला शाळेतल्या एका बाईंनी शिकवलं. त्यांनी चिखलीला कोरं करकरीत घर घेतलं आणि राहायला गेल्यावर पहिल्याच आंघोळीला न्हाणीचं पाणी हॉलमध्ये आलं. त्या म्हणाल्या, नवं घर पावडर लावून बसलेलं असतं, त्याचं तोंड धुवून पाहायचं. मग मी वर्गात जप्त केलेली एक काचेची गोटी परत द्यायची ती दिलीच नाही. फरशीवर ठेवायची, ती जिकडे पळेल तिकडे उतार. शिवणकामाची टेप घेतली, कारण माझा पलंग आणि आईचं लोखंडी कपाट बसतं का ते पाहायचं होतं. न्हाणीत ओतायला पाण्याची बाटली. मोबाईलचा चार्जर, भिंतीतल्या एकेका प्लगात खुपसून पाहायला. सगळं पिशवीत भरलं आणि मग दादाला सांगितलं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. लग्न झालेलं नाही. मेहकरात वडिलांच्या घरी दादा, वहिनी आणि भाची यांच्यासोबत राहत होते, म्हणजे आतल्या खोलीत, जिथं गव्हाच्या कोठ्याही राहतात. दादानं धंदे पुष्कळ केले, चालला एकही नाही. घर माझ्या पगारावर चालायचं. ते कुणी बोलून दाखवत नव्हतं, मीही नाही. पण भाची लग्नाची झाली आणि वहिनी एक दिवस भाजी निवडता निवडता म्हणाली, पाहुणे येतीन आता, आत्याबाईचा पलंग पडवीत टाकून देऊ. मी समोरच बसले होते. बोलली मात्र ती भाजीकडे पाहून. त्या दिवशी माझं डोकं फिरलं. मला माझं दार पाहिजे होतं. दारावर पाटी, पाटीवर माझं एकटीचं नाव, आणि आतून कडी लावली तर कुणी काऊन लावली म्हणून विचारायचं नाही. बस, एवढंच.

दादानं आधी घराची किंमत विचारली. मग एकदम मायेनं बोलायला लागला. बाईमाणूस एकटी गेली तर बिल्डरची माणसं धड बोलत नाहीत, म्हणाला, मी येतो ना तुझ्यासंगं. मला भरून आलं. इतकी मी मूर्ख. पिशवीत गोटी होती, टेप होती, आता दादाही होता.

खरं सांगायचं तर कशाला पाहायला जायची मला सवयच नव्हती. मला सवय होती लोकांकडून पाहून घ्यायची. बी.एड. झाल्यापासून पाहुणे यायला लागले. जयभीम व्हायचा, पोहे व्हायचे, मग मला आणून बसवायचे. कुणी सुईत दोरा ओवायला लावला. कुणी दाराच्या चौकटीला उभं करून उंची पाहिली. एका मामानं तर मला पेपरातली ओळ वाचायला दिली, स्वतः त्यानं पेपर उलटा धरला होता. जरा चालून दाखव माय, म्हणायचे. मी चालायची. मेले सगळे माझ्या पायांकडे पाहायचे.

जाताना दादा त्यांना स्टँडवर पोचवायचा. आमच्याकडे पाहुण्याला दारातूनच निरोप देत नाहीत, एसटी सुटेपर्यंत घरचा माणूस सोबत उभा राहतो. वडील नव्हते, म्हणून ते काम दादाचं. भर उन्हात त्यांच्या पिशव्या उचलून न्यायचा, उसाचा रस पाजायचा. यात तो एकदाही चुकला नाही. आणि एकदाही होकार आला नाही. आई माझ्या तोंडाला बेसन-हळद चोळायची, चोळता चोळता चिडायची आणि म्हणायची, काळी तर काळी, निदान हसत जा ना जरा. ती गेली तेव्हाही तिची समजूत हीच होती की खोट माझ्या तोंडात आहे. माझीही तीच होती.

वडनेर भोलजीचे पाहुणे मला आवडले होते. मुलगा सरकारी कचेरीत होता, लाजाळू, पोहे सांडले त्याच्याकडून. त्याच्या आईनं निघताना माझ्या गालावरून हात फिरवला होता. त्यांचंही उत्तर आलं नाही. पुढं किती वर्षांनी ती बाई मला खामगावला एका लग्नात भेटली. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "आता तब्येत बरी राह्यते का माय?" मला तेव्हा सर्दी झालेली. मी म्हटलं, हो, उतरली आता. तिनं माझ्याकडे असं काही कीव करून पाहिलं की मला जेवण गेलं नाही. वाटलं, अजूनही ही माझ्या तोंडाकडेच पाहते.

तर रविवारी सकाळी आम्ही निघालो. हिवरा आश्रमाच्या रस्त्याला शेताला लागून नवी रो-हाऊस उभी राहिली होती, सगळी एकाच पिवळ्या रंगाची, एकमेकींना खेटून. घर दाखवणारा एक चष्मेवाला तरुण होता. मी दोन गोष्टींसाठी तयार होते. तो आडनाव विचारेल आणि आवाज बदलेल. किंवा मिस्टर कुठं आहेत म्हणेल. दोन्हींची उत्तरं मी आरशासमोर घोकली होती, चांगली झोंबणारी. त्यानं आडनाव विचारलं, लिहून घेतलं आणि थंड पाणी दिलं. घर कुणासाठी म्हणाला. माझ्यासाठी, म्हटलं. छान, म्हणाला. माझी सगळी घोकंपट्टी वाया गेली.

मग मी त्या घराला पाहिलं, जसं मला लोकांनी पाहिलं होतं. जरा चालून दाखव, म्हणून गोटी सोडली. हॉलमध्ये ती शहाण्यासारखी उभी राहिली, स्वयंपाकघरात मात्र घरंगळत थेट ओट्याखाली गेली. त्या तरुणाचा चेहरा उतरला तर मला काय आनंद झाला. गोटी काढून पिशवीत टाकली, टाइल्स बोटांनी ठोकल्या, प्लग तपासले, एक मेलेला निघाला. दरवाज्याला नाक लावून वास घेतला. दादा मागं उभा राहून हसत होता, आमची मास्तरीण लई कडक हाये, म्हणत होता. वरच्या खोलीत मी टेप लावली. खिडकीकडे आईचं कपाट बसत होतं, समोर पलंग बसत होता आणि मध्ये एक माणूस आरामात फिरेल एवढी जागा राहत होती. त्या एका माणसाच्या जागेत मी उभी राहिले. मला घर आवडलं. लहान पोरीसारखं आवडलं.

मग मी वरच्या न्हाणीत गेले आणि बाटलीतलं पाणी ओतून ते कुठं जातं ते पाहत बसले. न्हाणीचा झरोका घराच्या बाजूच्या बोळीवर उघडतो. खाली बोळीत दादा आणि तो तरुण उभे होते. रिकाम्या घरात आवाज फार स्वच्छ येतो.

दादा म्हणत होता, "तुमच्यापासून लपवून ठेवत नाही भाऊ. तिले झटके येतात. लहानपणापासून. दिसते चांगली, पण केव्हा पडीन सांगता येत नाही. आम्ही घरचे हावो म्हणून सांभाळून राह्यलो. उद्या तुमी फसले म्हणसान, म्हणून आधीच सांगून देतो."

मला आयुष्यात कधी झटका आलेला नाही. पण मी बसल्या जागी गार पडले ती त्या खोटेपणानं नाही. मी रोज पोरांचे पाढे ऐकते. आत्ता सुचलेलं बोलणं कसं असतं आणि तोंडपाठ झालेलं कसं असतं, ते मला झोपेतही कळेल. दादा एका शब्दालाही अडखळला नाही. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, सगळं बसलेलं होतं. हे त्यानं आधी म्हटलेलं होतं. पुष्कळदा म्हटलेलं होतं. उसाचा रस पाजता पाजता, स्टँडवर, एसटी सुटेपर्यंत. आता तब्येत बरी राहते का माय, असं त्या बाईनं मला विचारलं होतं, आणि मी तिला सर्दी सांगितली.

घर चालवणारी बाई घराबाहेर जाऊ नये, एवढंच होतं ते. आईला माहीत नव्हतं, हे मी स्वतःला बजावलं. तिच्या हाताचं ते बेसन मला आठवलं आणि मी दात आवळून बसले. बाटलीतलं पाणी कधीच जाळीतून निघून गेलं होतं.

मी खाली आले. तो तरुण आता माझ्याकडे बघेना, माझ्या हातांकडे बघत होता. ताई बसा, खुर्ची आणतो, म्हणाला. मग म्हणाला की हे घर बहुतेक कुणीतरी बुक केलंय, साहेबांना विचारावं लागेल. दादानं लगेच पिशवी उचलली. चाल, म्हणाला, दुसरीकडं पाहू.

मी म्हटलं, "मले झटके येत नाहीत. ह्याले येतात, माझा पगार घराबाहेर जाऊन राह्यला की."

दादाच्या हातातून पिशवी सुटली. गोटी निघून फरशीवरून गेली आणि हॉलमध्ये आपोआप थांबली. मी त्या तरुणाला सांगितलं, स्वयंपाकघराचा उतार काढून द्या, तो मेलेला प्लग बदला, मी सोमवारी शाळा सुटल्यावर येते, एकटी येते. डॉक्टरचा कागद पाहिजे असेल तर तोही आणते. तो हो ताई, हो ताई करत राहिला.

परतीच्या रस्त्यानं दादा माझ्या पुढं पुढं चालत होता. रडेल असं मला वाटलं, मला ते पाहिजेच होतं, पण तो रडला नाही. घर जवळ आल्यावर म्हणाला, पुढच्या रविवारी पोरीले पाहायला पाहुणे येऊन राह्यले, तू तिच्यासमोर काही काढू नको. हात जोडले त्यानं, रस्त्यात.

"मी कायले काढू," म्हटलं. "तुमी पोहे करा, पोरीले बसवा. मी काहीच बोलत नाही. मी फक्त पाहुण्यांले स्टँडवर पोचवून देते."

त्याचा चेहरा जसा झाला तसा मला कुणाचा करता आला नव्हता. मी पोटभर पाहून घेतला.

रविवारी पाहुणे आले नाहीत. त्यापुढच्याही रविवारी नाहीत. मी नव्या घरात राहायला गेले, कपाट खिडकीकडे लावलं, पाटी ठोकली. वहिनी आली नाही, दादा आला नाही. एक दिवस भाची आली, एकटीच, चप्पल हातात घेऊन दारात उभी. घर पाहायला आली असेल म्हणून मी हसले. ती हसली नाही.

म्हणाली, "आत्या, बाबानं पाहुण्यांले फोन केला. पोरीची तब्येत बरी नाही, इतक्यात येऊ नका म्हणाले. मी ऐकलं. आत्या, मले काय झालं हाये?"

तेच डोळे होते, मी आरशात पाहत आले तेच. मी तिला आत घेतलं, दाराला आतून कडी लावली आणि पलंगावर समोर बसवून सगळं सांगितलं, सुईदोऱ्यापासून फोनपर्यंत, पाहुण्यांना स्टँडवर पोचवते म्हणाले होते ते माझंही बोलणं त्यात आलं. तिचा बाप आहे म्हणून एक शब्दही गाळला नाही.