आघाडीच्या माद्या

एफीवहिनीला टायर फुटला की हसू यायचं. डोंगरातून आमच्या गावाकडे उतरणारा रस्ता कच्चा, धारदार खडीचा. "रस्त्याला भूक लागली वाटतं," म्हणत ती जॅक काढायची. तीस वर्षं गावाची गाडी तिच्याच हातात होती. पीठ, रॉकेल, बाळंतिणी, प्रेतं, सगळं तिनंच वाहिलं. जीभ मात्र फटकळ. तिचा नवरा एनॉक, म्हणजे माझा थोरला भाऊ, म्हणायचा, "हिच्यापेक्षा रस्ता मऊ."

त्या शरदात शिकारीच्या तळावर एनॉकच्या छातीत कळ आली. नर्स गावात, आणि गाव नदीपलीकडे. वहिनीनं लगेच गाडी काढली. भावाचं डोकं मांडीवर घेऊन मी मागे बसलो. पहिला बर्फ वितळून रस्त्याचा चिखल झाला होता. ती गाडी अशी हाणत होती, की आम्ही तिघंही दरीत जाणार असं मला दोनदा वाटलं.

खिंडीखाली धुकं विरळ झालं आणि कडेला कॅरिबू हरणं दिसली. पाच-सहा म्हाताऱ्या माद्या, कळपाच्या आघाडीच्या. त्यांच्यामागे सगळा उतार जनावरांनी भरला होता. आघाडी बिचकली तर अख्खा कळप वाट बदलतो आणि गाव हिवाळाभर उपाशी मरतं. आघाडीवर आमच्यातलं कुणी गोळी झाडत नाही. मागच्याच वर्षी आघाडीत ट्रक घालणाऱ्या एका परक्याची एनॉकनं कॉलर धरली होती.

वहिनीनं इंजिन बंद केलं.

"वहिनी, वेड लागलंय का? घाल गाडी."

"गप बस. आवाज करू नकोस."

एनॉकनं डोळे उघडले. "एफी, चल ना," तो म्हणाला. "मला भीती वाटतेय गं."

तिनं मागे वळून पाहिलं नाही. "जरा दम धर, राजा."

माद्या रस्त्यात येऊन खडी हुंगत उभ्या राहिल्या. जनावरांचा इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. सगळ्या पार झाल्यावरच तिनं चावी फिरवली. नदी दिसायच्या आत एनॉक माझ्या मांडीवर गेला.

दफनाच्या दिवसापर्यंत घरोघरी त्याच कळपाचं मांस टांगलं गेलं होतं. चर्चमध्ये गावचे म्हातारे उठून म्हणाले, "मरणाच्या दारातही एनॉक म्हणाला, थांब एफी, आघाडी जाऊ दे." बायका रडल्या. वहिनी खाली मान घालून बसली होती.

बाहेर आल्यावर मी तिला गाठलं. "हे त्यांना कुणी सांगितलं?"

"मी."

"का? दादा तर म्हणत होता..."

"काय म्हणत होता ते मला नको सांगूस. मी बहिरी नव्हते." तिनं हातमोजे चढवले. "गावाला आता हेच मांस खायचंय. घशाखाली उतरायला नको?"

तिनं स्वतः मात्र तो सगळा हिवाळा माशांवर काढला.