कंसातलं नाव

आईला आम्ही ‘माय’ म्हणायचो. सुरतेतल्या लिंबायत वस्तीत, आमच्या एका खोलीच्या घरात ती दिवसभर साड्यांना टिकल्या चिकटवत बसायची, आणि हात चालू असले की तोंडही चालू. नव्वदच्या दशकात मी बीएच्या शेवटच्या वर्षाला होते. खानदेशातून सुरतेला आलेल्या लूम कामगारांवर प्रकल्प लिहायला घेतला, तर ग्रंथालयातल्या पुस्तकांत नुसते पुरुष! आमच्या बाया सापडल्या त्या मायच्या बोलण्यात. भुसावळच्या गाडीत जातं मांडीवर घेऊन आलेली कोण, रॉकेलच्या रांगेत भांडता भांडता गुजराती शिकलेली कोण, सगळं तिला तोंडपाठ.

मी ते जसंच्या तसं गुजरातीत उतरवलं आणि वर ‘माझ्या निरीक्षणानुसार’ असं ठोकून दिलं. कसलं डोंबलाचं निरीक्षण! मी तेव्हा जन्मलेही नव्हते.

प्रकल्प तपासणाऱ्या सरांनी बरोबर पकडलं. “क्यांथी लीधुं आ?” कुठून घेतलंस हे? मला वाटलं, आता चोरी म्हणून वह्या फेकतील. घाबरत म्हटलं, आईनं सांगितलं. सर म्हणाले, “मग तसं लिही ना. पुस्तकातलं घेतलं की वाक्यापुढेच कंसात लेखकाचं नाव आणि साल देतेस, तसंच आईचं नाव दे, सांगितलं ते साल दे. जिचं तिला मिळालं पाहिजे.”

घरी येऊन मायला सांगितलं, तर ती लाजून लाल. “नको व माय! बाईनं नाव कोठे लिखतस का? लोक काय म्हनतीन? तुना बापनं लिख.” माझं नको, तुझ्या बापाचं लिही, म्हणे.

बाबांनी त्यातलं अक्षरही सांगितलं नव्हतं. लूमवरून आले की जेवायचे आणि आडवे व्हायचे. पण खरं सांगते, मला हायसंच वाटलं. माय अंगठा उठवायची. कॉलेजात तिचं नाव पुस्तकवाल्यांच्या पंक्तीत बसवायची मलाच लाज वाटत होती. बाबांना सही तरी येत होती. मी चौदा ठिकाणी कंसात बाबांचं नाव घातलं. सरांना सांगितलं, सांगणारे वडीलच होते, मी घाईत आई म्हणाले. सरांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि सही केली.

प्रकल्प बांधून घरी आणला त्या दुपारी आम्ही दोघीच होतो. मायनं हात धुतले, पदराला पुसले, वही मांडीवर घेतली. उलटीच धरली होती, मी सरळ करून दिली. बराच वेळ पानं उलटत राहिली आणि मग हळूच, माझ्याकडे न बघता विचारलं, “मनं नाव कोठेच नही का?”

अगं बाई, तूच नको म्हणालीस ना! असं ओठांवर आलं होतं. पण तिचा चेहरा बघवला नाही. मी एका कंसावर बोट ठेवलं, बाबांच्या नावावर, आणि म्हटलं, “हे काय. तुझंच.”

“आसं दिखस का मनं नाव?” तिनं त्यावरून बोट फिरवलं. आधी अलगद, मग परत एकदा. मग तिला नादच लागला. पानामागून पान, ओळीमागून ओळ, ती तोच आकार शोधू लागली. सापडला की हसायची, इथेही आहे म्हणून मला दाखवायची. “आठे बी शे! देख, आठे बी शे!” साड्या तशाच पडून राहिल्या. चौदाच्या चौदा तिनं शोधून काढले, एकही सुटला नाही.

माय जाऊन बरीच वर्षं झाली. तिची आठवण आली की जीव तुटतो, आणि सगळ्यात जास्त त्या दुपारसाठी तुटतो. पुन्हा एकदा तिच्याशेजारी बसायला मिळावं, एवढंच वाटतं. तिचं बोट धरून तिचं खरं नाव तिला दाखवायचं राहिलं.